पान तीन, ओळ अकरा

"वहिनी, कुलूप तोडावं लागलं. किल्ली काही सापडली नाही," असे म्हणत भाऊजींनी पत्र्याची पेटी दारातच खाली ठेवली, आणि चपला काढायचे विसरून तसेच उभे राहिले.

भाऊजी म्हणजे तिच्या नवऱ्याचे पंपघरातले जोडीदार. बावीस वर्षे दोघांनी एकाच पाळीत काम केले, एकाच डब्यातले खाल्ले आणि एकमेकांच्या रजेसाठी साहेबापुढे बिनदिक्कत खोटे बोलले. नवरा जाऊन आज एकवीस दिवस झाले होते. भर दुपारी मोठा व्हॉल्व्ह फिरवता फिरवता तो चाकाला धरून खाली बसला, तो उठलाच नाही. मुलगी परगावाहून आली, पंधरा दिवस राहिली, "माझ्याकडे चल" म्हणून आईच्या विनवण्या करून थकली आणि एकटीच परत गेली.

"बसा. चहा टाकते," ती म्हणाली.

"नको वहिनी, पाळी आहे," असे म्हणत भाऊजी बसले.

पेटीत फार काही नव्हते. एक पाना, एक स्क्रू ड्रायव्हर, धुऊन धुऊन विटलेला टॉवेल, दांडी तुटलेला चष्मा, पोटदुखीच्या गोळ्यांची अर्धी पट्टी. गोळ्या पाहून ती चमकली. पोट दुखते असे तो घरी कधी बोलला नव्हता. त्याखाली पंपघरातल्या जुन्या लॉगबुकांचा गठ्ठा होता, आणि सगळ्यात खाली नाडी बांधलेली एक फाइल.

"ही तुमच्याच हातात द्यायची होती," भाऊजी म्हणाले. "तुम्हाला तर सगळं ठाऊकच आहे."

"काय ठाऊक आहे?"

भाऊजी गोंधळले. "त्याचं गणित. तो तर म्हणायचा, तिला सगळं ठाऊक आहे, नुसतं बोलत नाही."

तिने नाडी सोडली. आत कार्बन लावून लिहिलेली नऊ पाने होती. अक्षर नवऱ्याचे. त्याचा सात तर लाखात ओळखू येई. खाली शेपूट ओढल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. वर मथळा होता: 'कोणतीही संख्या घ्या, शेवटी एक उरतो. त्याची सिद्धता.' मथळ्याच्या बाजूला टाचणीने एक पिवळे कार्ड लावलेले होते.

असली कार्डे तिने आयुष्यात काही हजार भरली होती. त्यावर छापलेले असे: 'आपले टिपण मिळाले. त्यातील पहिली चूक पान ___, ओळ ___ येथे आहे. त्यापुढील मजकूर वाचलेला नाही. कळावे.' या कार्डावरच्या रिकाम्या जागा निळ्या शाईने भरल्या होत्या. तीन. अकरा.

अक्षर तिचे स्वतःचे होते. तारीख चार वर्षांपूर्वीची.

*

विद्यापीठाच्या गणित विभागात ती एकोणतीस वर्षे आवक-जावक सांभाळत होती. आलेल्या कागदाची पोच देणे हे तिचे काम, म्हणून सगळे तिला पोचबाई म्हणत. शाळेत गणितात ती दोनदा नापास झाली होती, आणि हे ती स्वतःच येईल त्याला हसत हसत सांगे.

गणितात काही दावे असे आहेत की ते शाळकरी पोरालाही समजतात, पण ते खरे आहेत हे आजवर कुणाला दाखवून देता आलेले नाही. त्यातला एक तर बसल्या जागी खेळता येतो. कोणतीही संख्या घ्या. सम असली तर निम्मी करा. विषम असली तर तिप्पट करून त्यात एक मिळवा. जी येईल तिला पुन्हा तेच. सातापासून निघालात तर बावीस, अकरा, चौतीस असे वर-खाली होत होत शेवटी चार, दोन, एक. आजवर ज्याने जी संख्या घेतली ती एकावरच येऊन थांबली. पण प्रत्येक संख्या येतेच, हे सिद्ध करताना भल्याभल्या पंडितांनी हात टेकले आहेत.

पंडितांनी हात टेकले की हौशे-गवशे बाह्या सरसावतात. दर आठवड्याला विभागात सात-आठ जाड पाकिटे येत. ती पाठवणाऱ्यांना विभागात 'सिद्धवाले' म्हणत. कुणी आठ दिवसांत सिद्ध केलेले असे, कुणाला दाढी करताना सुचलेले असे. एकाने सुटाबुटातला फोटो जोडून खाली लिहिले होते, 'पाठ्यपुस्तकासाठी हाच वापरावा.' कुणाला दुखवायचे नाही आणि कुणाशी हुज्जतही घालायची नाही, म्हणून विभागप्रमुख सरांनी ही कार्डे छापून घेतली होती. संशोधन करणारी मुले टिपण वाचून चूक शोधत, आणि ती आकडे भरून कार्ड टपालात टाकी. चूक कुठे आहे ते सांगायचे, का आहे ते सांगायचे नाही, हा नियम. कारण सांगितले की सिद्धवाला उलट बारा पाने पाठवतो.

हे सगळे सिद्धवाले ती रोज घरी घेऊन येई. जेवताना त्यांच्या नकला करी आणि नवऱ्याला हसून हसून ठसका लागे. त्याच्याकडे सांगायला एकच गोष्ट असे, टेकडीवरचे घर. पाळी संपताना नळातल्या दाबाची सरासरी काढून लिहायची असते. ती बरोबर भरली की साहेब सही करून मोकळा, आणि नेमका तेव्हाच टेकडीवरच्या म्हातारीचा फोन येतो की आमच्याकडे थेंब नाही. "सरासरीनं साहेबाची तहान भागते, टेकडीची नाही," असे तो म्हणे. हे वाक्य तिने इतक्यांदा ऐकले होते की पुढे पुढे ती त्याच्याआधी म्हणून टाकी.

एकदा त्याने विचारले, "पण तो एकाचा खेळ आहे तरी काय?" तिने ओल्या बोटाने ताटाच्या कडेला सात लिहिला, मग बावीस, मग अकरा. त्या दिवशी तो नेहमीपेक्षा कमी जेवला.

"आवडलं नाही का?"

"तसं नाही गं. पुढं काय येतं ते बघत होतो."

त्यानंतर तो कधीकधी जेवताना हरवल्यासारखा व्हायचा. तिला वाटे, पंपाचे काहीतरी असेल.

तिचेही विभागात एक बस्तान बसले होते. चूक कुठे असते ते गणित न येताही कळते, हे तिला वर्षे गेली तसे उमगले. सिद्धवाला पान-दोन पाने नीट चालतो, आणि जिथे पाय घसरणार तिथे हमखास लिहितो, 'यावरून उघडच आहे की'. जे खरोखर उघड असते त्याला कुणी मुद्दाम उघड म्हणत नाही. पुढे पुढे तर नुसत्या पाकिटाच्या जाडीवरून तिचा अंदाज बसू लागला. मुलांनी चहाच्या पैजा लावायला सुरुवात केली. ती पाकीट हातात तोलून म्हणे, "चौथं पान, खालून तिसरी ओळ," आणि दहातून सहा वेळा चूक तिथेच किंवा तिच्या शेजारीपाजारी निघे. बाहेरचे प्राध्यापक आले की त्यांना आधी ग्रंथालय दाखवत आणि मग पोचबाई दाखवत. दोनदा नापास झालेल्या बाईला एवढा मान फुकटात मिळत असेल तर ती का सोडेल? उरलेल्या चार वेळांचे तिने कधी मनावर घेतले नाही, कारण मुले मागाहून वाचून कार्ड दुरुस्त करत.

फक्त एक दिवस सोडून.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. शहरात शिकवण्या घेणारे एक गृहस्थ होते, त्यांना सगळे क्लासवाले म्हणत. त्यांनी हाच दावा अकरा दिवसांत सिद्ध केल्याचे वर्तमानपत्रात छापून आणले होते, चौकाचौकात स्वतःचे फलक लावले होते, सभागृह भाड्याने घेऊन स्वतःचा सत्कारही उरकला होता. विभागाचे पिवळे कार्ड त्यांना तीनदा गेले होते. चौथ्या खेपेला ते वार्ताहर आणि फोटोवाला घेऊन थेट विभागातच थडकले. पोचबाईच्या टेबलावरच्या बंद पाकिटांच्या ढिगाकडे बोट दाखवून म्हणाले, "बघा. लोकांची बुद्धी इथं अशी धूळ खात पडते." फोटो निघाला. ते गेल्यावर सरांचा पारा जो चढला तो उतरेना.

"पोचबाई, आज पाच वाजेपर्यंत एकही पाकीट टेबलावर दिसता कामा नये."

पाकिटे होती एक्केचाळीस आणि वाजले होते चार. मुले भोवती जमली. कुणीतरी म्हणाले, "बाई, होऊनच जाऊ द्या." एका संशोधक मुलीने मनगटावरचे घड्याळ काढून टेबलावर ठेवले. आणि तिने पाकिटे न उघडताच, एकेक हातात तोलून, कार्डे भरायला घेतली. पान दोन, ओळ आठ. पान पाच, ओळ एकोणीस. पान तीन, ओळ अकरा. चार वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी शेवटचे कार्ड लिफाफ्यात गेले आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या. मागाहून वाचायला त्या दिवशी कुणाला वेळ नव्हता. पाकिटे तशीच कपाटात गेली आणि वर्षअखेरीला रद्दीत.

संध्याकाळी ती घरी आली ती तरंगतच. जेवताना तिने सगळे रंगवून सांगितले: क्लासवाल्यांचा कोट, सरांचे लाल झालेले कान, घड्याळ, टाळ्या. नवरा हातातला घास तसाच धरून ऐकत होता.

"एक्केचाळीस?" त्याने विचारले. "सगळी वाचून?"

मुले टाळ्या वाजवताना जे सुख झाले होते ते अजून अंगात होते. ते घालवावेसे तिला वाटले नाही.

"अहो, उघडच आहे," ती म्हणाली. "वाचल्याशिवाय कुणी भरतं का?"

*

"भाऊजी, हे त्यांनी पाठवलं कसं? मला नाव कसं दिसलं नाही?"

"माझ्या मेव्हण्याचं नाव घातलं होतं. पत्ताही त्याचाच. पाकिटावर माझ्या पोरीनं लिहिलं," भाऊजी म्हणाले. "मी त्याला म्हटलं, आतलंही तिच्याकडूनच लिहून घे, नाहीतर वहिनी ओळखतील. तर म्हणाला, ओळखू दे की. त्यासाठीच तर चाललंय."

"कशासाठी?"

भाऊजींनी कपाची कड बोटाने पुसली. "म्हणाला, कुणा परक्याचं पाकीट म्हणून ती उघडेल आणि आत मी निघेन. कशी हसेल बघ. पाकीट टाकल्यावर आठवडाभर पाळी संपली की पळत घरी यायचा, आठवतं का तुम्हाला? एरवी आम्ही अर्धा तास टपरीवर काढायचो."

तिला आठवत होते. घरी लवकर का येतो म्हणून तिने त्याची थट्टाही केली होती.

"मग कार्ड आलं. मला वाटलं, आता हिरमुसणार. तर उलट खूष. म्हणाला, बघ, माझं अक्षर ओळखूनसुद्धा तिनं चूक ती चूकच लिहिली, नातं मध्ये आणलं नाही. आणि मला ओशाळं वाटेल म्हणून घरी चकार शब्द काढला नाही. मी म्हटलं, मग तू बोल. तर म्हणाला, ती एवढं सांभाळून घेते आणि मी तोंड उघडू? आधी ही अकरावी ओळ नीट करतो, मग बोलतो."

"मग?"

भाऊजींनी लॉगबुकांच्या गठ्ठ्याकडे पाहिले. "मग काय, चार वर्षं तेच चाललं होतं."

"भाऊजी," ती म्हणाली, "मी ते पाकीट उघडलंच नव्हतं."

त्यांना पहिल्यांदा कळले नाही. तिने सगळे सांगितले, पाकिटे, घड्याळ, टाळ्या आणि जेवतानाचे ते वाक्य. अर्धा चहा तसाच ठेवून भाऊजी उठले आणि दारात थांबून म्हणाले, "त्याला हे कळलं नाही ते बरं झालं, वहिनी." ते चांगल्या मनाने बोलले होते. पण ते वाक्य तिला सुरीसारखे लागले, कारण त्याला कळले असते तर तो सुटला असता.

भाऊजी गेल्यावर तिने लॉगबुके उघडली. डाव्या पानांवर तासातासाच्या दाबाच्या नोंदी होत्या. उजवी पाने कोरी असायची, ती संख्यांनी भरली होती. तिसऱ्या पानाच्या अकराव्या ओळीत त्याने एवढेच लिहिले होते: 'एक चढ, एक उतार, एक चढ, एक उतार ही शिडी कोणत्याही संख्येला कायमची मिळत नाही, कधी ना कधी लागोपाठ दोनदा उतरावेच लागते.' त्या ओळीत चूक आहे असे बायकोने वाचून सांगितले, म्हणजे न थांबता शिडी चढत राहणारी एखादी संख्या कुठेतरी असणार, असे त्याने धरले होते. ती संख्या तो शोधत होता. एकतीसला पाच चढ मिळाले. त्रेसष्टला सहा. एकशे सत्तावीसला सात. पुढे पुढे संख्या इतक्या लांब होत गेल्या की एकेक संख्या पानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत जाई. प्रत्येकीची शिडी कुठेतरी थांबत होती, आणि प्रत्येक वेळी त्याने खाली लिहिले होते, 'ही नव्हे.'

मध्येमध्ये समासात लाल पेन्सिलीने काही होते. 'इथे चूक आहे. दिसत नाही.' मग चार महिन्यांनी, 'डोकं चालत नाही आता.' शेवटच्या लॉगबुकात, जाण्याच्या आठवडाभर आधीच्या तारखेला लिहिले होते, 'सापडत नाही. पण ती वाचून सांगते आहे म्हणजे असणारच.'

ती जमिनीवर बसून रडली. माणूस गेला तेव्हा लोक होते, मुलगी होती, तेव्हा ती बेताने रडली होती. आता घरात कुणी नव्हते.

रडून झाल्यावर एक आशा उरली, आणि ती तिची तिलाच लाजिरवाणी वाटली. दहातून सहा वेळा तिचा अंदाज खरा ठरत असे. हा त्या सहातला असू दे. अकराव्या ओळीत खरेच चूक असू दे. म्हणजे निदान चार वर्षे तो योग्य दारावर तरी डोके आपटत होता.

*

घड्याळ काढून ठेवणारी ती संशोधक मुलगी आता विभागात प्राध्यापक झाली होती आणि सगळे तिला मॅडम म्हणत. पोचबाईने नऊ पाने तिच्या टेबलावर ठेवली. कुणाची ते सांगितले, कार्ड कसे भरले गेले तेही सांगितले. मॅडमचा चेहरा उतरला. "मला आठ दिवस द्या, बाई," एवढेच ती म्हणाली.

ते आठ दिवस पोचबाई टेबलावर बसून आलेल्या पाकिटांवर शिक्के मारत राहिली. एका मुलाने सवयीने विचारले, "बाई, हे कितवं पान?" तिने त्याच्याकडे अशी नजर टाकली की तो पाकीट ठेवून निघून गेला.

आठव्या दिवशी मॅडमने तिला बोलावून दार लोटून घेतले.

"बाई, बसा."

"उभी आहे ती बरी आहे. सांग."

"अकरावी ओळ बरोबर आहे."

पोचबाई बसली.

"नुसती बरोबर नाही, नऊ पानांतली सगळ्यात चांगली ओळ तीच आहे," मॅडम म्हणाली. "ती नवीन नाही, आम्हाला माहीत असते ती. पण त्यांनी ती कुठं वाचलेली नाही, स्वतः शोधलीय, आणि का खरी आहे तेही पुढं नीट दाखवलंय. आठव्या पानापर्यंत कुठं बोट ठेवायला जागा नाही."

"मग चूक कुठं आहे?"

"नवव्या पानावर, चौथ्या ओळीत. तिथं ते म्हणतात, चढ किती येतात, उतार किती येतात ते पाहिलं तर सरासरीनं संख्या खालीच येते. म्हणून प्रत्येक संख्या खाली येणार. तिथं सगळेच पडतात, बाई. सरासरी खाली आली तरी एखादी संख्या वरच राहिली असेल, तिचं काय? हे अजून कुणालाच..."

"टेकडीवरचं घर," पोचबाई म्हणाली.

"काय?"

तिने सांगितले. सरासरी दाब, साहेबाची सही, म्हातारीचा फोन. ज्या माणसाने बावीस वर्षे रोज हेच वाक्य म्हटले, त्याला नऊ-चार एवढे दोन आकडे पुरले असते. त्याच संध्याकाळी त्याने कपाळावर हात मारून घेतला असता, जेवताना सगळे कबूल केले असते, आणि दोघे पोट धरधरून हसले असते. सिद्धवाला म्हणून तिने त्याला जन्मभर चिडवले असते. एवढे सगळे व्हायचे राहिले होते, आणि ते तिच्या एका तासाच्या टाळ्यांसाठी राहिले होते.

"घड्याळ माझं होतं, बाई," मॅडम हळू म्हणाली.

"कार्ड माझं होतं."

मॅडमने नऊ पाने जुळवून तिच्यापुढे सरकवली. मग मॅडम म्हणाली, "आपण विभागाच्या पत्रिकेत छापू. पंपघरात बसून एका माणसानं हे शोधलं, असं. त्यांच्या नावानं. वर्तमानपत्रवालेही घेतील."

"नको गं."

"का नको? त्यांचं नाव तरी होईल."

"त्यांना नाव नको होतं," पोचबाई म्हणाली. "नाव हवं असतं तर मेव्हण्याचं कशाला घातलं असतं? मी हसावं, एवढंच त्यांना हवं होतं."

*

दुसऱ्या दिवशी तिने कपाटातून एक कोरे पिवळे कार्ड काढले. पानापुढे नऊ लिहिले, ओळीपुढे चार. कारण द्यायचे नाही हा नियम एकोणतीस वर्षे पाळलेल्या बाईने खाली लिहिले, 'टेकडीवरचे घर.' त्याखाली लिहिले, 'पान तीन, ओळ अकरा बरोबर आहे.' मग 'त्यापुढील मजकूर वाचलेला नाही' या छापील ओळीवर आडवी रेघ मारली आणि तिथे 'सगळे वाचले' असे लिहायला गेली. पेन टेकवले आणि उचलले. वाचले होते मॅडमने, तिने नव्हे. ती जागा तिने तशीच सोडली.

कार्ड आणि नऊ पाने तिने एका मोठ्या लिफाफ्यात घातली. वर नवऱ्याचे नाव लिहिले, घराचा पत्ता लिहिला. इतक्या वर्षांत त्याला पत्र लिहायची वेळच आली नव्हती, त्यामुळे आपल्या अक्षरात त्याचे नाव कसे दिसते हे तिने पहिल्यांदाच पाहिले. जावक वहीत नोंद करून ती स्वतः टपाल कचेरीत गेली आणि लिफाफा पोचपावतीसह रजिस्टर केला.

तिसऱ्या दिवशी विद्यापीठाला सुट्टी होती. सकाळी अकराच्या सुमाराला पोस्टमन दारात आला. लिफाफ्यावरचे नाव त्याने वाचले आणि तो जरा घुटमळला. त्याला ठाऊक होते.

"काकू, याला त्यांचीच सही लागते. पोचपावती आहे."

"ते नाहीत," ती म्हणाली. "माझी चालेल का?"

पोस्टमनने खाली बघून पेन पुढे केले. तिने सही केली. पावती फाडून घेऊन तो जाईपर्यंत ती दारात उभी राहिली, मग दार लावून आत आली.

जेवणाच्या टेबलाशी नवऱ्याची खुर्ची भिंतीकडे होती, तिची खिडकीकडे. ती तिच्याच खुर्चीवर बसली. लिफाफ्यात काय आहे ते तिला पुरते ठाऊक होते, कितवे पान आणि कितवी ओळ तेही ठाऊक होते. तरी तिने तो हातात तोलला नाही. कडेने नीट फाडून उघडला, नऊ पाने काढली, चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतले.

पहिली ओळ होती, 'समजा, आपण सातापासून निघालो.' सात शेपटीचा होता. तिने पेन्सिल उचलली आणि कागदाच्या कडेला बावीस लिहिले.